दोन गाठींची सायकल

आधी माझ्यासोबत थोडी कल्पना करा. तुमच्या दोन्ही हातांत सायकलचं हँडल आहे. समोर दुकान आहे आणि तुम्हाला हवी असलेली वस्तू आत आहे. दुकानापुढे मोटारींसाठी पिवळ्या रंगाच्या मोठ्या चौकटी आखल्या आहेत. मोटारसायकलींसाठी छोट्या चौकटी आहेत. सायकलसाठी काहीच नाही. भिंतीला टेकवायला गेलात की शिट्टी वाजते. पायऱ्यांजवळ उभी केलीत की पुन्हा शिट्टी. आता सांगा, सायकल कुठे ठेवाल? आणि ती हातातच धरून राहाल तर वस्तू कशी घ्याल?

उत्तराची घाई करू नका. धम्मदीपालाही ते सापडायला बरेच दिवस लागले, आणि तोवर दुसऱ्याच कोणाचं नुकसान होऊन गेलं होतं.

धम्मदीपा आठवीत होती. तिचं गाव शेलूबाजारपासून पाच किलोमीटर आत, डांबरी रस्ता संपून मुरमाचा सुरू होतो तिथे. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर शेलूबाजारला यायचं. जीप होती, पण सकाळी तिच्यात आधी बाजाराची पोती बसत, मग माणसं, आणि उरली जागा तर मुली. म्हणून शाळेनं आठवीत आलेल्या बाहेरगावच्या मुलींना सायकली दिल्या. तिचे आजोबा देवमन सायकल घरी आली त्या दिवशी विहाराच्या ओट्यावर बसून म्हणाले होते, "हे सायकल नोहे पोरी, हे तुई शाळा हाये. हिले जप."

सगळ्या सायकली सारख्याच होत्या. जांभळा रंग, पुढे काळी जाळीची टोपली, मागे कॅरिअर. पन्नास सायकली ओळीनं उभ्या केल्या तर पन्नास सख्ख्या बहिणी उभ्या आहेत असं वाटायचं. कोणी हँडलला रिबीन बांधे, कोणी मोराचं चित्र चिकटवी. धम्मदीपानंही एक फूल चिकटवलं होतं, पण ते धुऊन गेलं. तिच्या सायकलची एकच खूण उरली होती, आणि ती डोळ्यांना दिसत नसे. दिवाळीपासून तिचा एकही ब्रेक लागत नव्हता. नाल्याच्या पुलाआधी मोठा उतार आहे. तिथे ती उजव्या पायाची चप्पल जमिनीला घासत सायकल थांबवायची. तिची उजवी चप्पल डावीपेक्षा अर्धी झाली होती.

पूर्वी शेलूबाजारात सायकल ठेवणं हा काही प्रश्न नव्हता. किराणा दुकानाला ओटा असे. ओट्याला सायकल टेकवायची आणि आत जायचं. दुकानदार साखर तोलता तोलता एक नजर बाहेर ठेवी. आता ओट्यावर आइस्क्रीमची पेटी आली, पाण्याच्या बाटल्यांची चळत आली, आणि ओट्याखालच्या जागेत मोटारसायकली आल्या. मग गेल्या वर्षी हायवेला लागून मोठं मार्ट उघडलं. काचेची दारं, आत थंड हवा, आणि बाहेर त्या पिवळ्या चौकटी. दारावर निळ्या कपड्यांतले भाऊसिंग पहारेकरी म्हणून उभे असत. मॅनेजरनं त्यांना एक शिट्टी आणि एक नियम दिला होता: सायकल दिसली की शिट्टी.

भाऊसिंग मनानं वाईट नव्हते. शिट्टी वाजवून झाली की ते हळूच हातानं खूण करत, "तिकडे जाय बेटा, आजीकडे."

आजी म्हणजे कस्तुराबाई. मार्टच्या जागेच्या अगदी कडेला, नालीपाशी, विजेच्या खांबाखाली ती भाजी घेऊन बसायची. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, रंगरावांचा, गावाबाहेर छोटा मळा होता. जागा मार्टची होती, पण मॅनेजरनं तिला बसू दिलं होतं. त्यानं एक अट घातली होती, आणि ती साऱ्या बाजाराला ठाऊक होती. "बसा आजी. पण तुमच्याबद्दल एक जरी तक्रार आली, त्या दिवशी उठायचं."

"हाव," कस्तुराबाई म्हणाली होती.

त्या खांबाखाली तिची भाजी दुपारपर्यंत संपे. बाजारात आत बसली असती तर संध्याकाळपर्यंत अर्धी सुकून गेली असती. म्हणून ती जागा तिला फार मोलाची होती.

मुली सायकली तिच्याजवळ लावू लागल्या. "आजी, ध्यान ठेवजो," एवढंच म्हणायचं. तिनं मान हलवली की झालं. त्याचे पैसे नव्हते. पण सायकली वाढल्या, आणि साऱ्या जांभळ्या. कस्तुराबाईला वाचता येत नव्हतं. मग तिनं आपली एक रीत काढली. मेथीच्या जुड्या बांधायला तिच्याकडे केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीची, दोरी असायची. तिचे ती दोन तुकडे करी. दोन्हीत सारख्या गाठी मारी. एक तुकडा सायकलच्या हँडलला, दुसरा मुलीच्या हातात. पहिल्या सायकलला एक गाठ, दुसरीला दोन. पाच झाल्या की एक मोठी जाड गाठ. सायकलला कुलूप लावायचं नाही, कारण दुपारी ऊन फिरलं की ती सगळ्या सायकली एकेक करून सावलीत सरकवायची. त्यामुळे ठेवलेल्या जागी सायकल कधीच सापडत नसे. पण दोरी दाखवली की आजी बरोबर तिच्याकडे नेऊन उभी करी.

आणि दोरी हरवली तर?

त्याचाही नियम होता. बसायचं. सगळ्या मुली आपापल्या सायकली घेऊन जाईपर्यंत बसायचं. शेवटी जी उरेल ती तुझी. एकदा भाऊसिंगांच्याच पुतण्यानं दोरी हरवली. भाऊसिंग म्हणाले, "बाई, माह्या घरचा पोरगा हाये. मी वळखतो त्याची सायकल."

"तू त्याले वळखतं," कस्तुराबाई म्हणाली. "सायकल दोरीले वळखते. बस म्हना त्याले." पोरगा पाच वाजेपर्यंत वांगी निवडत बसला. बाजार पोट धरून हसला. दीड वर्षात एकही सायकल चुकून कोणाकडे गेली नव्हती.

आता त्या दिवसाकडे येऊ.

हिवाळ्यातला बाजाराचा दिवस होता. शाळा दुपारी सुटली. धम्मदीपाला कंपासपेटी घ्यायची होती. तिनं सायकल खांबाजवळ लावली. आजीनं दोरी दिली. हातात दप्तर होतं, म्हणून आजीनंच ती तिच्या मनगटाला बांधून दिली. गाठी किती, हे धम्मदीपानं पाहिलंही नाही. रोजचंच होतं ते.

मार्टमध्ये वह्यांच्या फळीपाशी सुचिता भेटली. सुचिता तिच्याच वर्गातली, बाजारपेठेत राहणारी. तिचे वडील बाहेर मोटारीत बसले होते. तिच्यासोबत आणखी दोन मुली होत्या.

"हे काय वं हाताले?" सुचितानं मनगटाकडे बोट दाखवलं. "आमच्या मामाच्या बकरीच्या गळ्यात अशीच दोरी हाये."

दुसरी म्हणाली, "अन् ते हरवू नये म्हनून बांधते. तू बी हरवतं का?"

तिघी हसल्या. वाईट हेतूनं नाही. मुली हसतात तशा. धम्मदीपाही हसली. पण तिचे कान तापले. तिनं हात पाठीमागे नेला, पैसे देताना डाव्या हातानं दिले, आणि दारापाशी कचऱ्याचा डबा होता तिथे दातांनी दोरी तोडून आत टाकली. मुलींनी पाहिलं की नाही, हे तिनं वळून पाहिलं नाही.

बाहेर आली तर खांबाखाली गर्दी. कस्तुराबाईसमोर चार बायका मेथी निवडत होत्या. पाठीमागे बारा-तेरा जांभळ्या सायकली सावलीला एकमेकींत घुसवून लावल्या होत्या.

"आजी, माही सायकल."

"दोरी?"

"पडली कुठीतरी."

कस्तुराबाईनं वर पाहिलं. "मंग बस माय. पाच वाजेपर्यंत साऱ्या जातीन."

"मले घरी जायचं हाये. ते पाय, ते माही सायकल."

"तुई कायवरून?"

"मले माही सायकल नाही वळखू येत का?"

"नाई येत," कस्तुराबाई शांतपणे म्हणाली. "मले बी येत नाई. म्हनून त दोरी."

मेथी निवडणारी एक बाई हसली. आणि त्याच वेळी मार्टच्या दारातून सुचिता आणि तिच्या मैत्रिणी बाहेर आल्या. धम्मदीपाला त्या पायऱ्यांवर उभ्या दिसल्या. बकरी. तिच्या डोक्यात तेवढा एकच शब्द होता. ती ओरडली, इतक्या मोठ्यानं की भाऊसिंगांनीही मान वळवली.

"तू कोन मले अडवनारी? सायकल शाळेनं मले देल्ली, तुले नाई देल्ली! लोकायच्या सायकली अडवून ठेवतं काय?"

बाजार क्षणभर थांबला. कस्तुराबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या बायकांकडे, मग मार्टच्या काचेकडे, जिच्यामागे मॅनेजर बसत असे. ती अट तिला आठवली असणार. तिनं नुसता हात हलवला: ने.

धम्मदीपानं एक सायकल ओढून काढली. हँडलची दोरी झटक्यात तोडून नालीत फेकली आणि पायडल मारलं.

मुलांनो, इथवर जे झालं ते रागाच्या भरात झालं. रागात माणूस चुकतो, आणि रागातल्या चुकीला माफी लवकर मिळते. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

नाल्याच्या पुलाआधीचा उतार आला. धम्मदीपानं सवयीनं उजवा पाय खाली सोडला, आणि सवयीनंच, उगीच, हातानं ब्रेक दाबला. ब्रेक लागला. सायकल अलगद थांबली. चप्पल न घासता.

ती पुलावर उभी राहिली. खाली नाल्यात थोडं पाणी होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. ही आपली सायकल नाही, हे तिला तिथे, त्या पुलावर, स्वच्छ कळलं. शेलूबाजार तीन किलोमीटर मागे होता. वळून गेली असती तर वीस मिनिटांत पोचली असती. पण परत जायचं म्हणजे त्याच लोकांपुढे उभं राहायचं, आणि म्हणायचं, आजी, तू म्हणाली तेच खरं. शिवाय मनात एक भीती होती: तोवर आपली सायकल कोणी नेली असेल तर? आणि भीतीच्याही खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती, जी ती कधीच कोणाला सांगणार नव्हती. ब्रेक फार छान लागत होता.

ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखू लागलं. आई रत्नमालानं ओवा चावायला दिला. तिसऱ्या दिवशीही दुखलं. सायकल अंगणात उभी होती. देवमन आजोबांनी चाकांना तेल घालताना म्हटलं, "ब्रेक कवा दुरुस्त केला वं? झ्याक झाला." तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

चौथ्या दिवशी ती शाळेत गेली. सायकली लावायच्या पत्र्याखाली नववीतली पौर्णिमा उभी होती. पौर्णिमा आसेगावच्या रस्त्यावरच्या एका गावाची. तिनं सायकल पाहिली, वाकून साखळीच्या झाकणावरचा ओरखडा पाहिला, आणि तिचा चेहरा उजळला.

"अवं, हे त माही! तुह्याकडे होती?"

"चुकून," धम्मदीपा म्हणाली.

"माय वं, किती रडली मी! तीन दिवस पायी आली. आमच्या लखीराम काकानं त्या दिवशी आजीले असं काई झापलं का इचारू नको. म्हने, लोकायच्या पोरीच्या सायकली कोनाले बी वाटतं काय? आजी म्हने, एक पोरगी घेऊन गेली. काका म्हने, कोन पोरगी? आजीले नावच सांगता येईना. मंग काका गेला मॅनेजरकडे." पौर्णिमा थांबली. मग अगदी सहज म्हणाली, "आजीनंच तुले चुकीची देल्ली ना?"

घंटा वाजत होती. मुली वर्गाकडे पळत होत्या.

"हाव," धम्मदीपा म्हणाली.

एकच शब्द. तोंडातून बाहेर पडायला किती वेळ लागतो? पण तो दुपारपर्यंत साऱ्या शाळेत फिरला आणि संध्याकाळपर्यंत बाजारात. कस्तुराबाईनं चुकीची सायकल दिली. म्हातारीला आता दिसत नाही.

शाळा सुटल्यावर धम्मदीपा मार्टकडे चालत गेली. खांबाखाली कस्तुराबाई नव्हती. तिथे सिमेंटच्या चार कुंड्या ठेवल्या होत्या, आणि कुंड्यांत काटेरी झाडं होती. भाजीच्या पानांचा हिरवा डाग तेवढा जमिनीवर उरला होता.

भाऊसिंगांनी तिला मागच्या गोदामातून तिची सायकल आणून दिली. हँडलला दोरी तशीच होती. दोन गाठी.

"हे उरली होती," ते म्हणाले. "पौर्णिमा म्हने हे माही नोहे, हिचा ब्रेक लागत नाई. मंग मी मागे नेऊन ठेवली."

"आजी?"

"उठवली. त्याच दिवशी. मॅनेजर म्हने तक्रार आली."

"काय म्हनली आजी?"

भाऊसिंगांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "काईच नाई. साऱ्या पोरीयच्या सायकली देल्ल्या, टोपली भरली, अन् नालीत उतरून काईतरी शोधत बसली. मी म्हनलं बाई, कायले घान तुडवतं. त उठून गेली."

तेवढ्यात दोन लहान मुली सायकली घेऊन आल्या. भाऊसिंगांनी शिट्टी फुंकली. मुलींनी खांबाकडे पाहिलं, कुंड्या पाहिल्या, आणि सायकली वळवून हायवेच्या पलीकडे निघाल्या. एक ट्रक हॉर्न दाबत गेला. मुली दुभाजकावर सायकली उचलून चढवू लागल्या. भाऊसिंग शिट्टी तोंडात तशीच धरून त्या पलीकडे पोचेपर्यंत पाहत राहिले.

धम्मदीपा त्या दिवशी मळ्यात गेली नाही. त्यानंतरचे दोन दिवसही गेली नाही. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी गेली. मधल्या दिवसांत शाळेच्या त्या पाच किलोमीटरच्या रस्त्यानं जाता-येता तिनं उतारावर चप्पल घासली आणि दर वेळी तिला तो पूल आठवला. शेवटी चप्पलच तुटली. तुटकी चप्पल टोपलीत टाकून ती अनवाणी मळ्याकडे वळली.

रंगराव वाफ्यांना पाणी सोडत होते. "कोन वं?"

"आजीले भेटाले आली."

"तिकडे बसली हाये, बोरीखाली. मोठ्यानं बोलजो, लक्ष नसते तिचं आता."

कस्तुराबाई मेथीच्या ढिगापुढे बसली होती. जुड्या बांधत नव्हती. तिच्या मांडीवर दोरीचा एक तुकडा होता, चिखलानं काळा पडलेला. तीन गाठींचा.

"ये माय," तिनं वर न पाहताच म्हटलं. मग वर पाहिलं आणि ओळखलं. रागावली नाही. उलट तिचा आवाज खाली गेला, जसा चूक करणाऱ्याचा जातो. "बरं झालं आली. तुलेच इचाराचं होतं. हे मले नालीत सापडली. तीन गाठी. मी तुह्या हातात किती बांधल्या होत्या वं? दोन का तीन? मले दोन आठवते. पन साऱ्या म्हनते मी चुकली. आमचा नातू हर्षल बी म्हनते, आजी तुले दिसत नाई, आता घरीच राह्य. म्हातारा रोज संध्याकाळी दोरीले गाठी मारते अन् मले इचारते, सांग किती." तिनं दोरी बोटांवर फिरवली. "बरोबर सांगतो मी. पन मंग वाटते, त्यानं उगाच हाव म्हनलं असन."

 धम्मदीपाला वाटलं होतं, आजीची जागा गेली. जागा गेली होतीच. पण त्याहून मोठं काहीतरी गेलं होतं. दीड वर्ष जिचा हिशेब एकदाही चुकला नव्हता, त्या बाईचा आपल्या स्वतःच्या डोळ्यांवरचा, बोटांवरचा भरवसा गेला होता. आणि तो एका 'हाव'नं नेला होता.

"दोनच होत्या," ती म्हणाली. "तू चुकली नाई, आजी. दोरी पडली नव्हती. मी फेकली. मार्टच्या कचऱ्याच्या डब्यात. मले लाज वाटली म्हनून. अन् मी दुसरी सायकल नेली. पुलावर मले कळलं, तरी परत आली नाई. अन् पौर्णिमानं इचारलं त मी तुह्यावर ढकललं."

पाटातून पाणी वाहत होतं. रंगरावांनी फावडं थांबवलं होतं.

कस्तुराबाईनं मांडीवरच्या दोरीच्या गाठी बोटानं मोजल्या. मग म्हणाली, "म्हंजे मी चुकली नाई."

"नाई."

"दोनच होत्या."

"दोनच."

तिनं चिखलाची दोरी उलगडून गुडघ्यावर सरळ केली. धम्मदीपाला वाटलं, आता आजी मारेल, किंवा जवळ घेईल. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. आजीनं मेथीची जुडी उचलली, सोपाची दोरी तिच्याभोवती फिरवली आणि गाठ घट्ट आवळली.

"हे तू मले इथं सांगून राह्यली," ती जुडीकडे पाहत म्हणाली. "इथं कोन हाये? मी, म्हातारा अन् हे मेथी. तवा त तू लय मोठ्यानं वरडली होती वं. साऱ्या बाजारानं ऐकलं."

धम्मदीपानं आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं.

"जाय पोरी," रंगराव दुरूनच म्हणाले. "ऊन उतरलं. लांब जायचं हाये तुले."

ती उठली. जाताना तिनं विचारलं, "आजी, जुडीची दोरी देतं एक?"

कस्तुराबाईनं एक लांब तुकडा तोडून तिच्या पुढ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुपारी शाळा सुटली तेव्हा मार्टपुढे नेहमीसारखी गर्दी होती. दोन मोटारी लागल्या होत्या, त्यातली एक सुचिताच्या वडिलांची. काचेमागे मॅनेजर कोणाशी तरी फोनवर बोलत होता. एरवी खांबाखाली मेथी घेणाऱ्या बायका आज कुंड्यांपलीकडून आत बाजारात चालल्या होत्या. मुली हायवे ओलांडून सायकली पलीकडे लावत होत्या.

धम्मदीपानं हायवे ओलांडला नाही. ती अनवाणी होती. तिच्या सायकलच्या हँडलला केळीच्या सोपाची दोरी होती, तिला दोन गाठी. तशीच दुसरी दोरी तिच्या उजव्या मनगटाला होती, सगळ्यांना दिसेल अशी. ती सायकल ढकलत सरळ मार्टच्या दारासमोर आली आणि मोटारीसाठी आखलेल्या मोठ्या पिवळ्या चौकटीत, बरोबर मधोमध, तिनं ती उभी केली.

"अवं ए पोरी!" भाऊसिंग धावले. "तिथं नको! काढ ते, मॅनेजर पाहून राह्यला!"

ती हलली नाही. भाऊसिंगांनी काचेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नाइलाजानं शिट्टी फुंकली. लांब, जोरात.

शिट्टी वाजली की सारे वळून पाहतात, हे धम्मदीपाला ठाऊक होतं. ती त्यासाठीच आली होती. मेथी घ्यायला निघालेल्या बायका थांबल्या. पायऱ्यांवरच्या मुली थांबल्या. पौर्णिमा रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर थांबली. फोन कानाशी धरूनच मॅनेजर काचेचं दार उघडून बाहेर आला.

धम्मदीपानं दोरी बांधलेला हात वर केला, आणि ती ओरडली होती त्या दिवशी जितक्या मोठ्यानं, तितक्याच मोठ्यानं, आधी आपलं नाव आणि गाव सांगून, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.